संगणकाचे उत्तर शून्य का आले?

२.५ किलोग्रॅम वस्तुमानाचा एक लोखंडी गोळा सेकंदाला ४ मीटर वेगाने घरंगळत नव्हे, सरळ घसरत चालला आहे. त्याची गतिज ऊर्जा किती? वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणा व निम्मे करा. उत्तर २० ज्यूल. आता हेच सूत्र फोर्ट्रान भाषेत '१/२ गुणिले एम गुणिले व्हीचा वर्ग' असे लिहून संगणकाला द्या. उत्तर येते शून्य! गोळा तर चालतो आहे. मग चूक कोणाची?

संगणकाला फक्त शून्य व एक या अंकांत मांडलेल्या आज्ञा कळतात. आपण लिहिलेल्या सूत्रांचे अशा आज्ञांत भाषांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेला फोर्ट्रानचा कंपायलर १९५७ साली वापरात आला. तेव्हापासून शास्त्रज्ञांना आपले गणित जवळजवळ सूत्रांच्याच रूपात लिहिता येऊ लागले.

परंतु हा दुभाषी भाषेच्या नियमाने चालतो. तुमच्या मनातले तो ओळखत नाही. १ आणि २ हे पूर्णांक आहेत. फोर्ट्रानमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की भागाकारही पूर्णांकच येतो, अपूर्णांक गळून पडतो. म्हणून १/२ म्हणजे शून्य! त्याला पुढे कशानेही गुणले तरी शून्यच.

बरे, १/२ ऐवजी ०.५ लिहू. आता उत्तर येते १६! हे कसे? निराळे काही सांगितले नसेल, तर आय ते एन या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी नावे फोर्ट्रान पूर्णांकांची मानते. त्यामुळे 'एम'मध्ये २.५ ऐवजी २ च साठवले गेले. आज्ञावलीच्या आरंभीच 'एम ही वास्तव संख्या आहे' असे जाहीर करा, म्हणजे २० मिळतील.

कंपायलर बदलून पाहावा काय? जीफोर्ट्रान हा विनामूल्य मिळतो. इंटेल व एनव्हिडिया यांचेही फोर्ट्रान कंपायलर आहेत. कोणाची आज्ञावली अधिक जलद धावेल, कोणाच्या सूचना अधिक स्पष्ट असतील. पण १/२ चे उत्तर सर्वांकडे शून्यच, कारण नियम भाषेचा आहे. सी भाषेतही तसेच घडते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र १/२ म्हणजे ०.५.

जीफोर्ट्रानला 'सर्व इशारे दाखव' असे सांगितले, तर वरील दोन्ही ठिकाणी तो सावध करतो. ते इशारे वाचा. आणि ज्याचे उत्तर हाताने काढता येते असे एक गणित आधी संगणकाला घालून पाहा. तेथे तो चुकला नाही, तरच पुढच्या मोठ्या गणिताकडे वळा.