पावसाच्या नकाशावरील आंकडा किती केंद्रांचा?

पावसाचा नकाशा पाहून पेरणीचा विचार करण्याची संवय शेतकरीवर्गांत पडूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नकाशावर प्रत्येक ठिकाणीं आंकडा दिसला, तरी प्रत्येक ठिकाणीं पाऊस मोजलेला असतो असें नाहीं. हा भेद न ओळखल्यास फसगत होते. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

भारतीय हवामान खात्यानें 1901 ते 2010 या काळांतील दैनिक पावसाचें एक जाळें 2014 सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत पाव-पाव अंशावर उभ्या-आडव्या रेषा कल्पून त्यांच्या प्रत्येक गांठीस पावसाचा आंकडा दिला आहे. आपल्या भागांत अशी एक चौकट सुमारें 700 चौरस किलोमीटरांची होते. या कामीं एकंदर 6,955 पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी घेतल्या. तथापि सर्व केंद्रें सर्वकाळ चालू नव्हतीं. वर्षास सरासरीनें सुमारें 2,600 केंद्रांच्याच नोंदी मिळत. देशाचें क्षेत्रफळ 32.87 लाख चौरस किलोमीटर धरल्यास एका केंद्राच्या वांट्यास सुमारें 1,260 चौरस किलोमीटर मुलूख येतो. अर्थात् पुष्कळ चौकटींत एकहि केंद्र नसणार. तेथील आंकडा शेजारच्या केंद्रांवरून अनुमानानें भरतात. यासच अंतर्वेशन म्हणतात.

या रीतींत जवळच्या केंद्रास अधिक वजन व दूरच्यास कमी देतात. समजा, म्हसावदजवळील एका गांठीपासून 10 किलोमीटरांवरील केंद्रांत 40 मिलिमीटर व 20 किलोमीटरांवरील केंद्रांत 10 मिलिमीटर पाऊस झाला. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत वजनें धरलीं, तर तीं 4 व 1 येतात. आणि गांठीचा पाऊस (4×40 + 1×10) ÷ 5 म्हणजे 34 मिलिमीटर ठरतो. आतां जवळच्या केंद्राची नोंद त्या दिवशीं आलीच नाहीं असें धरा. दूरचें एकटें केंद्र उरलें. गांठीचा पाऊस 10 मिलिमीटर झाला! दोन्ही नकाशे दिसण्यांत सारखेच. परंतु एकावरून शेतकरी पेरणीस लागेल, दुसऱ्यावरून थांबेल.

म्हणून नकाशासोबत दुसरा एक तक्ता मागावा, ज्यांत प्रत्येक गांठीस त्या दिवशीं किती केंद्रांचा आधार होता तें लिहिलेलें असेल. तो पुढीलप्रमाणें वाचावा:

1. संख्या शून्य असेल, तर ती जागा कोरीच ठेवणें रास्त.

2. संख्या एक असेल, तर तो आंकडा त्या एका केंद्राचाच होय. आपल्या गांवचा नव्हे.

3. संख्या तीन-चार असली तरी दिशा पाहावी. म्हसावदच्या उत्तरेस सातपुडा असून तोरणमाळचें पठार हजार मीटरांहून उंच आहे. दक्षिणेस तापीचें सपाट खोरें आहे. सर्व केंद्रें खोऱ्यांतच असतील, तर डोंगरावरील पावसाची दखल त्यांत येत नाहीं. एकमेकांस लागून असलेलीं तीन केंद्रें जवळजवळ एकासारखींच समजावीं.

4. एका केंद्राची नोंद झांकून ठेवून बाकीच्यांवरून तेथील पाऊस काढावा व खऱ्या नोंदीशीं ताडून पाहावा. जितका फरक, तितका नकाशावरील विश्वास कमी करावा.

महावेध प्रकल्पानें राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रें उभारलीं, त्यामुळें आधार पुष्कळ वाढला. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत अशा केंद्राच्या नोंदीवरच भरपाई ठरते. तेव्हां केंद्र कोठें आहे व त्याची नोंद अखंड आहे कीं नाहीं, हें पाहणें बागाईतदाराच्या हिताचें आहे.

गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं मोकळ्या जागीं पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं 8.30 वाजतां, हवामान खात्याच्याच वेळेस, नोंद करावी. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें, जागा रिकामी सोडूं नये. कारण न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस या दोन निराळ्या गोष्टी आहेत.