भोरहून समुद्रावर जाताना

आपण घाटमाथ्याची माणसं समुद्रावर निघालो की पिशव्या माणसागणिक भरतो. आईची एक, पोरांची एक, पाहुण्यांची वेगळी. मग वरंध घाटात पोराला मळमळायला लागलं की आवळासुपारी नेमकी डिकीतल्या तळाच्या पिशवीत सापडते. दोन-तीनदा हे झाल्यावर आमच्या घरात वेळेगणिक पिशव्या भरायची पद्धत पडली: घाटाची, वाळूची आणि परतीची. आत कुणाचं काय आहे ते महत्त्वाचं नाही, ते कधी लागणार एवढंच बघायचं.

पण आधी दिवस ठरवा, आणि तो रविवार बघून नव्हे, तिथी बघून. भोरहून वरंध घाट, महाड, आंबेत, म्हसळा करत हरिहरेश्वर गाठायचं तर थांबत-थांबत साडेचार-पाच तास लागतात. वेल्हेकरांची तर गंमतच आहे. मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोकण पायाखाली दिसतं, पण गाडीसाठी मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ असा वळसा घालून आधी भोरला यावं लागतं. त्यात दीडएक तास जातो. म्हणजे पहाटे चारला निघालेला भोरकर नऊच्या सुमारास पोचतो. उजेडात घाट चढायचा तर दुपारी साडेतीनच्या आत परत निघायला हवं. एक दिवस म्हणता म्हणता समुद्र हाती लागतो तो सहा तास, आणि त्या सहा तासांत ओहोटी असेल तरच मजा.

किनाऱ्यावरचे लोक याचा हिशेब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनला भरती आणि नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पोचल्यावर एखाद्या स्थानिकाला विचारून घ्यावं. भिंतीवरच्या कॅलेंडरात सप्तमी ते दशमी यांतला दिवस धरा. ओहोटी ऐन दुपारी मिळते आणि भांगाचे दिवस असल्याने पाण्याचा चढउतारही बेताचा असतो. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते. हरिहरेश्वरच्या डोंगराभोवतीची खडकातली प्रदक्षिणा तर ओहोटी असेल तरच करायची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. पावसाळ्यात हा बेतच नको. समुद्र खवळलेला असतो आणि दरडींमुळे वरंध घाटही बरेचदा बंद ठेवतात. इतर वेळीही निघण्याआधी घाट चालू असल्याची खात्री करून घ्या.

आता पिशव्या.

घाटाची पिशवी मांडीवर ठेवायची. आवळासुपारी, आल्याच्या वड्या, कागदात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या चार पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची एक बाटली. ज्याला घाट लागतो त्याला पुढे बसवा आणि निघताना पोटात दूध घालू नका. कोरडा खाकरा किंवा अर्धी भाकरी पुरे. पेट्रोल भोरमध्येच भरा. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ज्यांना जाऊन मिळायचं त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

वाळूची पिशवी भरताना मात्र डोकं लावायचं. बसायला घोंगडी नेऊ नका. आम्ही एकदा नेली होती. लोकरीत शिरलेली वाळू दिवाळीपर्यंत गळत होती. त्यापेक्षा तांदळाच्या विणीव प्लॅस्टिकच्या दोन गोण्या उसवून एकमेकींना शिवून घ्या. एक झटका दिला की वाळू खाली. ओले कपडे आणि पोरांचे शिंपले यांना कांद्याची जाळीची पिशवी उत्तम. तिच्यातून पाणीही गळतं आणि वाळूही. कपडे बदलायला आडोसा मिळत नाही, म्हणून बायकांसाठी नाडीचा एक ढगळ परकर घ्या. नदीवर छातीशी बांधतात तसा बांधला की काम होतं. पाण्यात जीन घालून उतरू नये, भिजली की ती जड होऊन पाय ओढते. साडीचंही तेच. जुना सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी ही उन्हासाठी सगळ्यात स्वस्त सोय. पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल हवेत. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. कापलंच तर गोड्या पाण्याने धुऊन जंतुनाशक मलम लावा. ट्यूब आणि पट्ट्या याच पिशवीत ठेवा.

ट्रॅक्टरची ट्यूब घरीच ठेवा. भाटघरच्या फुगवट्यात आपण तिच्यावर पोहायला शिकलो, मान्य. पण धरणाचं पाणी जागेवर असतं. समुद्रावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि हवा भरलेली ट्यूब तो आत नेतो. नीरेत पोहणारे पोहणारच, पण इथे पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नका. पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. गाडीची रिमोटची किल्ली कुणाच्याही खिशात नको. ती गोणीवर बसून राहणाऱ्या माणसाच्या गळ्यात घाला. आमच्याकडे हा मान काकूंचा. गाडी वाळूत उतरवायचा मोह टाळा.

खाण्यात बाजरीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. तांदळाची मऊ राहते. दशम्या त्याहून बऱ्या. दहीभात न्यायचा तर आंबेमोहराचा मऊ भात दुधात कालवून त्यात चमचाभर विरजण घाला. बारा वाजेपर्यंत बेताचा लागतो. घरूनच दह्यात कालवला तर आंबून जातो. पाणी पाच माणसांना प्यायला दहा लिटर, वर पाय धुवायला गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन वेगळा. तरी पायाला वाळू राहतेच. पाय कोरडे झाल्यावर टाल्कम पावडर चोळा, वाळू आपोआप झडते.

परतीची पिशवी दिवसभर गाडीतच राहते, तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, टॉवेल, पातळ स्वेटर. डिसेंबरात ओल्या केसांनी घाटातल्या वाघजाईपाशी भजी खायला उतरलात की स्वेटर का, ते कळतं.

श्रीवर्धनहून रोठा सुपारी घ्या, नारळ घ्या, कोकम घ्या. सुकट घेणार असाल तर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घरूनच न्या आणि तो टपावर बांधा. मागच्या सीटखाली ठेवलात तर वरंधच्या तिसऱ्या वळणावर घाटाची पिशवी पुन्हा उघडावी लागेल.