रिमोटला यूएसबी चार्जिंग

प्रश्न : माझ्या विमानाच्या रिमोटमध्ये पेन्सिल सेलऐवजी लिथियम सेल आणि मोबाइलचा चार्जर चालेल का? (एक वाचक, मंचर)

उत्तर : चालेल, पण नुसता सेल बदलून नाही. चार पेन्सिल सेलचे मिळून 6 व्होल्ट होतात. एक लिथियम सेल भरलेला असताना 4.2 आणि उतरल्यावर 3 च्या आसपास. म्हणजे व्होल्टेज वाढवणारे बूस्ट सर्किट आलेच. चार्जिंगसाठी टीपी 4056 चा स्वस्त बोर्ड पुरतो, मात्र संरक्षण सर्किट असलेलाच घ्या. त्याला निकेलचे किंवा दोन सिरीजमधले सेल जोडू नका. सेलची वायर दुहेरी स्विचमधून न्या: एकीकडे रिमोट, दुसरीकडे चार्जर. रिमोट चालू राहिला तर चार्जिंग पूर्ण झाल्याचे बोर्डाला कळत नाही. टाइप-सी सॉकेटवर 5.1 किलोओहमचे दोन रोधक नसतील, तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर बोर्ड ढिम्म राहतो. लोक उगाच बोर्ड बदलत बसतात!

तुमच्या भागात आणखी एक पथ्य. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातले क्षीण संदेश टिपतात, तेही साधारण 1450 मेगाहर्ट्झच्या खाली. तुमचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट त्यापलीकडे असला, तरी हलक्या बूस्ट सर्किटचा गोंगाट खालच्या पट्ट्यात पसरतो. तेव्हा तिकडे विमान नेऊच नका. मला विचाराल तर निकेल सेल आणि बाहेरचा चार्जर, एवढ्यावर भागवा.