आजीची अशरफी सराफाकडे नेण्याआधी: जुन्या सोन्याच्या नाण्यांचा धंदा समजून घ्या

आजचा धडा एका प्रश्नानं सुरू करू. समजा, युसूफ वडगावच्या एखाद्या घरात आजीच्या पेटीत चारमिनार असलेलं सोन्याचं नाणं निघालं. घरात लग्न आहे, पैशांची गरज आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण केजला किंवा अंबाजोगाईला सराफाकडे जातील, वजन करतील आणि मोडून टाकतील. चूक इथंच होते.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाचं स्वतःचं चलन होतं, त्याला लोक हाली सिक्का म्हणत. त्यातलं सोन्याचं नाणं म्हणजे अशरफी. पूर्ण अशरफी साधारण ११ ग्रॅमची, त्यात शुद्ध सोनं १० ग्रॅमच्या आसपास. अर्धी, पाव आणि त्याहूनही लहान अशरफी असायची. चारमिनारच्या दारात एक अक्षर दिसेल. ‘मीम’ असेल तर मीर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा, अंदाजे इसवी सन मिळेल. १३३७ चं नाणं म्हणजे १९१८-१९ चं.

आता मुख्य मुद्दा. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथं २० डॉलरचं सोन्याचं नाणं होतं, नाव ‘डबल ईगल’. १९२४ साली अशी ४३ लाखांवर नाणी पाडली. ती आजही भरपूर मिळतात, म्हणून साधं नाणं सोन्याच्या भावाच्या आसपासच विकलं जातं. १९३३ साली ४,४५,५०० पाडली; पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं जमा करायला लावलं. ही नाणी चलनात आलीच नाहीत, जवळपास सगळी वितळवली. खासगी मालकाला कायद्यानं बाळगता येईल असं एकच नाणं उरलं. ते २००२ मध्ये सुमारे ७५ लाख ९० हजार डॉलरला आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. नऊ वर्षांचा फरक, सोनं तेवढंच! म्हणजे किती पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचं.

वहीत लिहून घ्या. नाण्याची किंमत = धातूची किंमत + संग्राहकाची हौस. हौस तीन गोष्टींवर ठरते:

१. त्या सालाची, त्या प्रकारची किती नाणी शिल्लक आहेत.
२. अवस्था. आपल्याकडे अशरफीला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती. कडी, डाग किंवा भोक असेल तर संग्राहक कमी पैसे देतो. चिंच, राख लावून घासू तर अजिबात नका.
३. खरं गिऱ्हाईक. दुर्मिळ आहे पण घेणारा नाही, तर भाव फक्त कागदावर.

आता कायदा, कारण इथं धंदा बुडतो. किमान शंभर वर्षं जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. अशा वस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. शेत नांगरताना पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते गुपचूप विकत घेणाराही अडकतो.

आणि फसवणूक! ‘जुनी नोट, जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असे मेसेज येतात. मग नोंदणी फी, कमिशन, कर म्हणून आधी तुमच्याकडूनच पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर सांगितलं, की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसली फी घेत नाही. साधा नियम ठेवा: विकणाऱ्याकडं आधी पैसे मागणारा खरेदीदार नसतो.

मग सुरुवात कुठून? भांडवलातून नाही, नजरेतून. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथंही जाऊन या. शंभर खरी नाणी नीट बघितली, की खोटं नाणं डोळ्याला खुपायला लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातलं एक जुनं नाणं, तांब्याचं असलं तरी चालेल, घ्या. वजन, व्यास, साल, दोन्ही बाजूंचं वर्णन वहीत लिहा. मग दोन वेगवेगळ्या जाणकारांना भाव विचारा. दोन्ही भावांत फरक येईलच. तो का आला, हे ज्याला सांगता येईल, त्यानंच या धंद्यात पहिला रुपया घालावा. आणि आजीची अशरफी? तोवर पेटीतच राहू द्या.