दुसऱ्यांच्या मैदानावर जाताना

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना भेटायला आई-वडील येतात ते बहुधा उन्हाळ्यात, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. दिवाळीच्या सुमाराला येणाऱ्यांना कॉलेज फुटबॉलचा हंगाम सापडतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, आपला संघ शेजारच्या राज्यात खेळायला चाललाय, आपणही जाऊ, तुमचंही फिरणं होईल. जरूर जा. मी इलिनॉय विद्यापीठात शिकलो, पुढे शिकागोजवळच संसार थाटला, आणि नारिंगी-निळी जर्सी घालून परगावच्या मैदानांवर जाण्यात मला आजही तितकाच आनंद मिळतो. पण बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील, तर काही गोष्टी आधीच ऐकून ठेवा. त्यातल्या बऱ्याचशा आम्हाला दगदग सोसूनच कळल्या.

पहिली गोष्ट आकाराची. आयोवा सिटीची वस्ती साधारण पाऊण लाख आणि तिथल्या आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये माणसं मावतात ६९,२५०. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरमधल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. पेन स्टेट विद्यापीठाचं स्टेडियमही लाखाच्या वरचं, आणि ते डोंगरांमधल्या एका छोट्या गावाशेजारी. म्हणजे सामन्याच्या शनिवारी गावाला जत्रेचं रूप येतं. रस्ते बंद असतात, एरवीच्या फुकट पार्किंगला पैसे पडतात, हॉटेलं दोन रात्रींचं भाडं घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. आपण नकाशावर ‘स्टेडियमपर्यंत दहा मिनिटं’ बघतो ते एरवीच्या दिवसाचं असतं. त्या दिवशी त्याला तास लागू शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि भारतातून आलेल्यांना ती हमखास नडते. सामन्याची तारीख कितीतरी महिने आधी ठरलेली असते, पण खेळ सुरू किती वाजता होणार हे टीव्ही वाहिन्या ठरवतात. पुष्कळदा ते बारा दिवस आधी कळतं, कधीकधी सहाच दिवस आधी. सामना सकाळी अकराला सुरू होईल, दुपारी अडीचला किंवा संध्याकाळी साडेसहालाही. खेळ चालतो साडेतीन तासांच्या आसपास. त्यामुळे शनिवारी रात्रीचं किंवा रविवारी पहाटेचं विमान अजिबात घेऊ नका. आमच्या नाशिकच्या वहिनी आल्या होत्या तेव्हा सामना दुपारचा असेल असं धरून सगळा बेत आखला होता. वेळ जाहीर झाली ती रात्रीची. दिवसाचं सगळं गणितच फिरलं. जेवण कधी, इन्सुलिन कधी, काळोखात किती चालायचं, सगळं नव्याने ठरवावं लागलं.

त्या रात्रीचा प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण असे पाहुणे पुष्कळ घरांत असतात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. वहिनींना मधुमेह आहे. त्यांच्या पर्समध्ये साखर तपासायचं यंत्र, इन्सुलिनचं पेन, ग्लुकोजच्या गोळ्या, बिस्किटांचा पुडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं नीट लावलेलं होतं. गेटवरच्या मुलाने पर्स बघितली आणि मान हलवली. बहुतेक स्टेडियमांमध्ये आता पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवीच चालते, तीही बारा इंच लांब, बारा इंच उंच, सहा इंच रुंद एवढीच. पारदर्शक नसलेली पर्स हवी असेल तर हाताच्या पंजाएवढी. औषधं आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, वैद्यकीय सामानाची तपासणी दुसऱ्या गेटवर होते. ते गेट होतं स्टेडियमच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. वहिनी दमल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळे आत जा. मी गाडीत बसते.” गाडी पाऊण तासाच्या चालीवर, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि त्यांची जेवणाची वेळ टळत चाललेली. मी म्हटलं, “वहिनी, आधी दोन बिस्किटं खाऊन घ्या, मग सगळे मिळूनच पलीकडे जाऊ.” गर्दीच्या उलट दिशेने आम्ही चालत राहिलो. त्या गेटवरच्या बाईंनी पर्स उघडून बघितली, पट्ट्याला एक चिठ्ठी बांधली आणि अर्ध्या मिनिटात आत सोडलं. आत शिरलो तेव्हा पहिला क्वार्टर, म्हणजे खेळाचा पहिला चतुर्थांश, संपत आला होता. सामना थोडा हुकला त्याचं काही नाही. साखर उतरलेल्या माणसाला तेवढं चालवावं लागलं, ते मात्र अजून मनाला लागून आहे.

म्हणून सांगतो. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी वाचा: पिशवीचे नियम, आणि औषधाची पिशवी कोणत्या गेटने न्यायची. त्याच गेटच्या जवळचं पार्किंग शोधा. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, तेव्हा नोव्हेंबरच्या सामन्याला ते पिशवीत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतीलच असं नाही, म्हणून ‘लागलं तर गाडीतून आणू’ हा विचार सोडून द्या.

तिकिटं आता फोनवरच असतात. पन्नास-साठ हजार लोक एकाच वेळी फोन उघडतात तेव्हा नेटवर्क कोलमडतं, आणि गेटसमोर उभं राहून तिकीट काही उघडत नाही. हॉटेलमधूनच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर सगळ्यांनी एकत्रच आत शिरायचं. आजोबांना पुढे पाठवून आपण गाडी लावायला गेलो तर आजोबा गेटबाहेर कुडकुडत उभे राहतात. थंडीत फोनची बॅटरीही भराभर उतरते. जागेचा विभाग आणि रांग कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं तेही त्यावर लिहा.

तिकीट घेताना जागा कुठली आहे हे किमतीपेक्षा जास्त बघा. पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी वेगळा विभाग असतो, बहुधा वरच्या कोपऱ्यात. तिथून खेळ लांब दिसतो, पण आपल्या माणसांत मोकळेपणाने ओरडता येतं. यजमान विद्यार्थ्यांच्या विभागात किंवा त्याच्या लगेच मागे वयस्कर माणसांची जागा मुळीच घेऊ नका. ती मुलं सामनाभर उभी असतात, त्यामुळे मागच्यांनाही उभं राहावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला साडेतीन तास हे झेपत नाही. बसायला बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे लांबलचक बाक असतात, पाठीला टेकू नाही. ते थंड पडले की गारवा थेट कमरेत शिरतो. नियमात बसत असेल तर पातळ गादी न्या. पायाखाली घ्यायला खोक्याचा पुठ्ठा मिळाला तर तोही घ्या. सिमेंटची थंडी तळव्यातून वर चढते आणि दोन जोड मोज्यांनीही ती अडत नाही. हे मला आयोवातल्याच एका शेतकरी गृहस्थांनी शिकवलं. त्यांनी स्वतःच्या पायाखालचा पुठ्ठा फाडून अर्धा मला दिला होता.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर खरा सोहळा आत नसतोच. तो असतो बाहेर, पार्किंगच्या मैदानांवर आणि रस्त्याकडेला. किनिकजवळच्या मेलरोज अव्हेन्यूवर सकाळपासून धूर निघत असतो, टर्कीच्या तंगड्या भाजल्या जात असतात, लोक अंगणात गाड्या लावू देऊन पैसे घेत असतात. अंगणवाल्यांसाठी थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. शाकाहारी माणसाला तिथे मक्याचं कणीस आणि चिप्स यापलीकडे फारसं मिळत नाही. म्हणून आमच्या डब्यात थालीपीठ, मिरचीचा ठेचा आणि तिळाची चटणी असते. गाडीच्या मागच्या बाजूला डबा उघडायचा आणि शेजारच्या तंबूतल्यांना आधी विचारायचं. आपण परक्या रंगाचे कपडे घातले आहेत हे विसरून लोक गप्पांना बसतात. पोटभर जेवून मगच गेटकडे निघायचं, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

परक्या रंगाचे कपडे घालावेत का, असं बरेच जण विचारतात. घालावेत. आपल्या संघासाठी एवढ्या लांब आलो आहोत तर ते लपवायचं कशाला? बहुसंख्य लोक हसून स्वागत करतात. नेब्रास्कात तर सामना संपल्यावर मैदान सोडणाऱ्या पाहुण्या संघाला यजमान प्रेक्षक टाळ्या वाजवून निरोप देतात, अशी त्यांची जुनी रीत आहे. पण दारू चढलेली चार मुलं कुठेही भेटू शकतात. एका मैदानावर आमच्या मागच्या रांगेतून आमच्या रंगाबद्दल शेरेबाजी सुरू झाली, आणि तो रंग जर्सीचा नव्हता. माझा पुतण्या उठायला लागला, त्याला मी हात धरून बसवलं. अशा वेळी उत्तर देऊ नका. बऱ्याच स्टेडियममध्ये तक्रारीसाठी मेसेज करायचा नंबर मोठ्या पडद्यावर दाखवतात. आपला विभाग आणि रांग लिहून त्यावर कळवा, किंवा जिन्याजवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. आमच्याकडे तो कर्मचारी आला, त्या मुलांना बाहेर काढलं, आणि आसपासच्या यजमान चाहत्यांनीच आमची माफी मागितली. सहन करून घरी येणं हा उपाय नाही. हे मी विशेषतः नव्याने आलेल्या आपल्या मुलांना सांगतो.

आता किनिकबद्दल. पाहुण्या चाहत्याने एकदा तरी जावं असं हे मैदान आहे, आणि तेही केवळ खेळासाठी नाही. नाइल किनिक हा १९३९ सालचा हाइझमन पुरस्कार, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, मिळवणारा खेळाडू. महायुद्धात नौदलाचा वैमानिक झाला आणि १९४३ साली सरावाच्या उड्डाणात मरण पावला. १९७२ साली स्टेडियमला त्याचं नाव दिलं. बाहेर त्याचा पुतळा आहे, तिथे थोडं थांबा. स्टेडियमला अगदी लागून मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ साली ती नवी इमारत सुरू झाली आणि तिच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. त्या हंगामापासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम रुग्णालयाकडे वळतं आणि खिडक्यांमधल्या आजारी मुलांना हात हलवतं. काळ्या-सोनेरी कपड्यांतले, आमच्यासारखे नारिंगी, दोन्ही संघांचे खेळाडू, पंच, सगळेच. रात्रीचा सामना असेल तर हजारो फोनांचे दिवे लागतात. काचेमागून छोटे हात हलताना दिसतात. काही मुलांच्या हाताला सलाईनची नळी असते आणि आईने त्यांना उचलून धरलेलं असतं. माझ्या शेजारचा यजमान चाहता तोवर प्रत्येक चालीवर पंचांवर खेकसत होता. तो एकदम गप्प झाला आणि डोक्यावरची टोपी काढून हलवू लागला. क्वार्टर संपत आला की खायला किंवा स्वच्छतागृहाकडे उठू नका, एवढीच विनंती.

आयोवा सिटीत गाडी नदीच्या पूर्वेला, गावातल्या पार्किंग इमारतीत ठेवा आणि पुलावरून चालत स्टेडियमकडे जा. वाट थोडी चढाची आहे, पण परतताना कोंडीतून सुटका होते. खासगी दुकानांच्या आवारात गाडी ठेवू नका. सामन्याच्या दिवशी ओढून नेणाऱ्या गाड्या तिथे टपूनच असतात. खेळ संपल्यावर लगेच धावू नका, बँडचं वादन ऐकत अर्धा तास जागेवर बसून राहा.

आणि त्याच रात्री घरी निघू नका. नोव्हेंबर हा हरणांचा माजाचा काळ. याच दिवसांत आयोवाच्या रस्त्यांवर ती गाड्यांसमोर सर्वांत जास्त येतात, आणि दमलेल्या ड्रायव्हरला ती दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. गावात खोली मिळाली नाही तर सीडर रॅपिड्सला किंवा डेव्हनपोर्टला घ्या. रविवारी सकाळी गाव शांत झालेलं असतं. ओल्ड कॅपिटलच्या सोनेरी घुमटाभोवती फिरा, प्रेअरी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानात जा. मराठी वाचकाला इथे आणखी एक ओढ आहे. कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते, याच नदीकाठच्या गावात राहिले. कविता वाचणारा कुणी बरोबर असेल तर त्याला हे सांगा, तो सामन्यापेक्षा या सकाळीत जास्त रमेल. शिकागो इथून साधारण साडेतीनशे किलोमीटर, आय-८० महामार्गाने पूर्वेकडे. बाराच्या आत निघालात तर अंधार पडायच्या आत घरी पोचता.