दुबईला निघालात? आधी प्रकृतीची तयारी करा

पासपोर्ट झाला, व्हिसा आला, तिकीट हाती पडले. घरात लाडू, चिवडा, लोणचे, मसाले बांधण्याची गडबड सुरू होते. या गडबडीत एक गोष्ट मात्र हमखास मागे राहते. ती म्हणजे जाणाऱ्या माणसाची प्रकृती.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ तपासणीसाठी आले होते. दुबईत ते ड्रायव्हर होते. जाण्यापूर्वी त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू होती. 'गोळ्या दिसल्या तर कंपनी परत पाठवील' असे कोणीतरी सांगितले, म्हणून त्यांनी गोळ्या घरीच ठेवल्या. आठ महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात व पाय लुळा पडला होता. त्यांना पाठवण्यासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. वास्तविक रक्तदाबाच्या साध्या गोळीने नोकरी जात नाही, पण ती बंद केल्याने संसार कोलमडू शकतो. आपल्या कोकणातून आखातात जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तातील साखर, लघवी, छातीचा एक्स-रे आणि दात, एवढे तरी पाहावेच. व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी होते, ती प्रामुख्याने क्षय, एचआयव्ही, कावीळ अशा संसर्गजन्य रोगांसाठी असते. तीत 'फिट' ठरलात म्हणजे मधुमेह किंवा रक्तदाब नाही, असे समजू नये.

पूर्वी क्षय होऊन बरा झाला असला तरी फुप्फुसावरचा व्रण एक्स-रेत दिसतो. त्यावरून अडचण येऊ शकते. एजंटाला पैसे भरण्यापूर्वीच एक्स-रे काढून डॉक्टरांशी बोलावे. खोकला, बारीक ताप किंवा वजन घटणे चालू असेल तर ते दडवू नये. उपचार पूर्ण करूनच जावे.

धनुर्वात आणि कावीळ 'ब' यांच्या लसी घ्याव्यात. कावीळ 'ब'ची लस तीन वेळा, एकूण सहा महिन्यांत पूर्ण होते. म्हणून लवकर सुरुवात करावी. लहानपणी कांजिण्या आल्या नसतील तर त्या लसीबद्दलही विचारावे. एका खोलीत अनेकजण राहतात तेथे कांजिण्या झपाट्याने पसरतात आणि मोठ्या माणसाला त्या जड जातात.

सामानात काय असावे, काय नसावे

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तीत औषधाचे मूळ नाव इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडे चालतेच असे नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे. दुबईत उतरल्यावर ते उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये.

आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन, झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या ही त्यांतली उदाहरणे. खरोखर गरज असेल तर तेथील सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी. शेजाऱ्याच्या मुलासाठी म्हणून कोणी दिलेली औषधांची पुडी मात्र मुळीच नेऊ नये. भीड भिकेची बहीण, हे अशा वेळी आठवावे.

गृहिणींनी विशेष लक्ष द्यावे. खसखस तेथे बंदी असलेला पदार्थ आहे. घरच्या मसाल्यात, अनारशांवर किंवा लाडवांत खसखस घालून ती मुलाच्या बॅगेत देऊ नये. आईच्या मायेची पुडी मुलाला पोलिसांपर्यंत नेऊ शकते. पान, गुटखा हेही नेऊ नयेत.

तिकडचा उन्हाळा

'आम्हांला उन्हाची सवय आहे' असे आपली माणसे म्हणतात. परंतु रत्नागिरीचा मे महिना साधारण ३२-३४ अंशांचा. दुबईत जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि समुद्रामुळे हवा दमट असते. घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. नव्या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उष्माघाताचा धोका या पहिल्या दिवसांतच अधिक असतो. शक्य असेल तर पहिल्या दिवशी उन्हातले काम थोडा वेळच करावे व रोज थोडे थोडे वाढवावे.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ काम बंद ठेवण्याचा तेथील सरकारी नियम आहे. तो आपला हक्क आहे. ती वेळ सावलीत विश्रांतीत घालवावी.

तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. पाणी कमी पडल्यास मूतखड्याचा त्रासही होतो. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. खूप घाम आल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. शीतपेय किंवा एनर्जी ड्रिंक ही पाण्याची जागा घेत नाहीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी, तसेच मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांनी पाणी-मीठ किती घ्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

सोबती बरळू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग तापले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिकेसाठी ९९८ फिरवावा. ती येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मानेला, काखेत व जांघेत बर्फ लावावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

राहण्याची जागा

आपल्याकडून गेलेल्यांपैकी अनेकजण सुरुवातीला एका खोलीत चौघे-सहाजण राहतात. तेथे ढेकणांचा व खरजेचा उपद्रव होतो. टॉवेल, अंथरूण वेगळे ठेवावे. ढेकूण मारण्यासाठी धान्यात वापरतात त्या विषारी गोळ्या खोलीत कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो आणि त्याने माणसे दगावली आहेत. पालिकेची मान्यता असलेल्या माणसांकडूनच फवारणी करून घ्यावी.

विमा आणि आधार

दुबईत २०१३च्या कायद्यानुसार नोकराचा आरोग्य विमा उतरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. पोहोचल्यावर विम्याचे कार्ड मागून घ्यावे आणि कोणत्या दवाखान्यात ते चालते हे निरोगी असतानाच पाहून ठेवावे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते. त्यांच्यासाठी भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. ही पावती घरीही ठेवावी.

शेवटी मनाविषयी. पहिले काही महिने झोप न येणे, जेवण नकोसे होणे, रडू येणे हे पुष्कळांना होते. त्यात लाज नाही. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले किंवा जीव नकोसा वाटू लागला तर लगेच सोबत्याला सांगावे, डॉक्टरांकडे जावे. भारतीय वकिलातीचे मदत केंद्र ८००४६३४२ या क्रमांकावर तेथून विनाशुल्क व चोवीस तास मिळते. हा क्रमांक पाकिटात लिहून ठेवावा.

आणि घरच्यांनी फोनवर 'पैसे पाठवलेस का?' हे विचारण्याआधी 'जेवलास का? गोळी घेतलीस का?' हे विचारावे. कर्ज हळूहळू फिटते. ते फेडणारा माणूस धडधाकट राहिला पाहिजे.