आयपी पत्ता म्हणजे घरचा पत्ता नव्हे



समजा, तुम्ही कळंबला घरी बसून 'आजचे हवामान' शोधलं आणि मोबाइलने मुंबईचा पाऊस दाखवला. किंवा मुलीच्या ई-मेलवर 'पुण्यातून लॉगिन झाले' असा इशारा आला. ती मात्र तुमच्यासमोरच अभ्यास करतेय. अशा वेळी आपण घाबरतो, नाहीतर मुलांवर संशय घेतो. दोन्हीआधी खरा प्रकार समजून घेऊया.

इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला सेवा कंपनी एक क्रमांक देते, तो आयपी पत्ता. त्या क्रमांकात गावाचं नाव नसतं. 'हे क्रमांक साधारण या भागात वापरले जातात' अशा याद्या काही कंपन्या बनवतात आणि वेबसाइट त्या याद्या वाचतात. देश बहुतेक वेळा बरोबर निघतो, गाव मात्र अनेकदा चुकतं. मोबाइल डेटावर तर शेकडो ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागे असू शकतात. त्यांची सगळी वाहतूक मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते, म्हणून वेबसाइटला ते शहरच दिसतं. व्हीपीएन चालू असेल तर देशसुद्धा बदलतो. जीपीएसचं तसं नाही. तिथे फोन उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःची जागा मोजतो.

हा अंदाज खरा मानला तर काय होतं? अमेरिकेतल्या मॅक्समाइंड कंपनीने, ज्या आयपी पत्त्यांचा फक्त देश माहीत होता, त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवला. आकडे सुटसुटीत हवेत म्हणून 38 अंश उत्तर, 97 अंश पश्चिम! तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर पडला. 60 कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या शेताच्या नावावर लागले. कुठेही ऑनलाइन फसवणूक झाली की लोक आणि पोलीस त्या घरी धडकायचे. बिचाऱ्या कुटुंबाने वर्षानुवर्षं त्रास सोसला. 2016 साली ही गोष्ट उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावात नेला.

मग आपण काय करायचं?

1. हवामान, बाजारभाव किंवा बातम्या पाहताना गावाचं नाव स्वतः टाइप करा. गुगलच्या शोधपानाच्या तळाशी ठिकाण दिसतं, ते तपासा.
2. नकाशासारख्या विश्वासाच्या साइटलाच लोकेशनची परवानगी द्या. सगळ्यांना नको.
3. व्हीपीएन बंद करून पुन्हा पाहा.
4. लॉगिनच्या इशाऱ्यात गावापेक्षा वेळ आणि उपकरण बघा. दोन्ही आपलेच असतील तर काळजी नको. नसतील तर लगेच पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. हे काम इशाऱ्यातल्या लिंकवरून नको, थेट खात्यात जाऊन करा.
5. चूक कायमच राहिली तर सेवा कंपनीला कळवा. याद्या बनवणाऱ्या कंपन्यांकडेही दुरुस्तीचे अर्ज असतात.

वर्गात एक उपक्रम घ्या. एकाच फोनवर आधी मोबाइल डेटा, मग शाळेचं वायफाय वापरून वेबसाइट कोणतं ठिकाण दाखवते ते मुलांना लिहायला सांगा. लोकेशन मात्र बंद ठेवा. मग नकाशावर शाळेपासूनचं अंतर मोजायला लावा. अक्षांश-रेखांशाची उजळणी होईल. आणि पडद्यावर दिसणारं सगळंच खरं नसतं, निदान कुणावर आळ घेण्याइतकं तरी नाहीच, हे मुलं स्वतःच्या अनुभवातून शिकतील.